आठवीच्या होड्या: प्रकल्प नोंदी, जुलै-ऑगस्ट २०२५

१ जुलै

आज आठवीच्या वर्गात होड्यांचा प्रकल्प जाहीर केला. 'बल व दाब' हा धडा दरवर्षी फळ्यावर संपतो. आर्किमिडीजचं तत्त्व पाठ होतं, परीक्षेत लिहिलं जातं आणि तिथेच राहतं. आमची शाळा सिंधुदुर्गात खाडीच्या काठावर आहे. वर्गातली निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्या घरांतली. सध्या मासेमारी बंद असल्याने होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून ठेवल्यात आणि मुलांचे वडील घरी आहेत. या कामाला याहून चांगला मोसम मिळणार नाही.

होडी तरंगते हे या मुलांना शिकवायला नको. अमुक वजनाला होडी किती बुडेल, कुठल्या बाजूला कलेल, हे पाण्यात न घालताच आकड्यात सांगता येतं, एवढं त्यांना शिकवायचं आहे. म्हणून वहीत तीन रकाने आखायला लावले: अंदाज, मोजमाप, फरकाचं कारण. पहिल्या रकान्यात आकडा नसेल तर होडी पाण्यात जाणार नाही. हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही, असं वर्गानेच ठरवलं.

सामान: घरगुती अॅल्युमिनियम फॉइल, बॅनरच्या दुकानातले सनबोर्डचे उरलेले तुकडे, सुतळी, राळ, शिवणयंत्राच्या बॉबिन, रुपयाची नाणी आणि प्रयोगशाळेतला वजनकाटा. थर्माकोल नाही. २०१८ पासून राज्यात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आहेच, पण माझं खरं कारण वेगळं आहे. थर्माकोल कुठल्याही आकारात तरंगतो, त्यामुळे आकाराचं महत्त्व मुलाला कळतच नाही. पाण्यात बुडणाऱ्या पदार्थाची होडी केली तरच आकार काय करतो ते दिसतं.

३ जुलै

फॉइलच्या होड्या. प्रत्येक गटाला १५ सेंमी बाजूचा एक चौरस. कापायचं नाही, फक्त कडा दुमडून खोका करायचा. काठ किती उंच ठेवायचे ते गटाने ठरवायचं.

काठ अडीच सेंमी ठेवला तर तळ १० बाय १० चा उरतो आणि खोक्याचं घनफळ २५० घन सेंमी होतं. काठोकाठ बुडेपर्यंत ही होडी २५० घन सेंमी पाणी बाजूला सारते, म्हणजे ती २५० ग्रॅम पेलते. फॉइलचं स्वतःचं वजन ग्रॅमभरही नाही. हिशोब एवढाच. पण फळ्यावर तो मी मांडला नाही, मुलांकडून काढून घेतला. वेळ लागला, लागू दिला. सानिकाच्या गटाने सगळ्यात आधी आकडा लिहिला: ६६ नाणी.

नाणी एकेक करून ठेवायची, कोपऱ्यांपासून मध्याकडे यायचं, हे मुलांना कोणी सांगावं लागलं नाही. शेवटच्या नाण्यांना सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता. ५९ नाणी झाल्यावर साठाव्याला एक कोपरा खाली गेला आणि होडी भरली. फरकाचं कारण म्हणून सानिकाने लिहिलं: 'काठ सगळीकडे सारखे उंच नाहीत. सगळ्यात खालचा काठ हाच खरा काठ.' मला यात काही दुरुस्ती करावी लागली नाही.

८ जुलै

परवाचं एक कोडं शिल्लक होतं. तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या होडीने ७१ नाणी पेलली होती आणि तो गट दोन दिवस छाती काढून फिरत होता. आज दोन्ही गटांची नाणी शेजारी शेजारी ठेवली. एका गटाकडे रुपयाची आधीची, मोठी नाणी होती, दुसऱ्याकडे २०१९ नंतरची लहान. मोठं नाणं ३.७९ ग्रॅमचं, लहान ३.०९ ग्रॅमचं. ५९ मोठ्या नाण्यांचे २२४ ग्रॅम झाले, ७१ लहान नाण्यांचे २१९. म्हणजे दोन्ही होड्यांनी जवळपास सारखंच वजन पेललं होतं.

एककाशिवाय आकडा लिहू नका, हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. आज ओंकारने वहीत 'नाणी' खोडून 'ग्रॅम' लिहिलं, कोणी सांगितलं नव्हतं. आजपासून सगळे आकडे ग्रॅममध्ये.

१० जुलै

काठाच्या उंचीचा आलेख. १ सेंमीला १६९ घन सेंमी, २ ला २४२, अडीचला २५०, ३ ला २४३, ४ ला १९६. काठ फार बुटका असेल तर पाणी लवकर आत येतं, फार उंच असेल तर तळच लहान होतो. चौरसाच्या बाजूच्या सहाव्या भागाएवढा काठ ठेवला की घनफळ सर्वांत जास्त येतं. हे सिद्ध करायचं गणित अकरावी-बारावीत येईल, पण आलेखाचा माथा आठवीच्या मुलांनाही दिसतो.

प्रत्यक्ष मोजमापांचा आलेखही तसाच चढला आणि उतरला, फक्त सगळे बिंदू थोडे खाली. चार सेंमीवाली होडी मात्र हिशोबाच्या फार आधी उलटली. ती भरून बुडाली नाही, कलली. भरणं आणि कलंडणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे इथे पहिल्यांदा समोर आलं. दुसरा प्रश्न पुढच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवला.

१५ जुलै

'बाई, खाडीत होडी जास्त बुडते, समुद्रात वर येते, असं बाबा सांगतात.' हा प्रश्न मुलांकडूनच आला. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं असतं. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड.

फॉइलच्या होडीवर हा फरक दिसणार नाही, कारण हिशोबाने तो अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. मग अरुंद वस्तू घ्यायची. १६ मिमी व्यासाच्या परीक्षानळीत वाळू घातली, एकूण वजन २४ ग्रॅम. आत आलेखाच्या कागदाची पट्टी उभी सरकवली. आधी साध्या पाण्यात, मग लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून त्यात. अंदाज: नळी ३ मिमी वर येईल. पट्टीवर तीनच घरं मोजली. हा अंदाज ज्यांनी लिहिला होता त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार मोलाचा वाटतो.

याच तासाला प्लिमसोल रेषेची गोष्ट सांगितली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधले जहाजमालक जुनी जहाजं वाटेल तेवढी भरून पाठवत आणि खलाशी मरत. सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने त्याविरुद्ध लढा दिला. १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भाररेषा काढणं सक्तीचं झालं. आज मोठ्या जहाजांवर गोड्या पाण्यासाठी वेगळी रेषा असते आणि समुद्रासाठी उन्हाळ्याची, हिवाळ्याची वेगळी. परीक्षानळीतले तीन मिलिमीटर तिथे कायद्यात बसलेत.

१७ जुलै

होड्या ओढून बघायला लांब हौद हवा. व्हरांड्यात ४ मीटर लांब, ६० सेंमी रुंद असा ताडपत्रीचा हौद करायचं ठरलं, पाणी २० सेंमी. बाजूंना बाकं आडवी टाकू, असं मुलं म्हणत होती. आधी हिशोब करायला लावला. तळाशी दाब १९६० पास्कल, वर शून्य, सरासरी ९८०. लांब बाजूचं क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर. बल ७८४ न्यूटन, म्हणजे ऐंशी किलो वजनाएवढा बाहेरचा रेटा, दोन्ही बाजूंना. बाकं सरकली असती.

कुंपणाचे उरलेले जांभ्याचे चिरे मागच्या बाजूला पडले होते. एक चिरा तीसेक किलोचा, एका बाजूला बारा चिरे. ते हलत नाहीत. पाणी पागोळ्यांचं, फुकट.

२२ जुलै

कलंडण्याचा प्रश्न. यासाठी होडी विकत आणायची नाही, करायचीही नाही. माडाच्या पोयीचं, म्हणजे फुलोऱ्याचं, सुकलेलं आवरण म्हणजे तयार होडीच: दोन्ही टोकं निमुळती, चाळीस सेंमी लांब, मध्ये आठ सेंमी रुंद. आमच्याकडच्या प्रत्येक मुलाने लहानपणी ती व्हाळात सोडलेली असते. आणि ती लगेच कलते, हेही प्रत्येकाला माहीत असतं. काठावर तीन नाणी ठेवली की आडवी.

आज मेस्त्रीकाका वर्गात आले. शेजारच्या वाडीत होड्यांची दुरुस्ती करतात. सोबत पांगाऱ्याचं सुकलेलं लाकूड आणि बांबूच्या कामट्या. मुलांनी त्यांच्यासमोरच उलांडी, म्हणजे होडी कलू नये म्हणून तिच्या एका बाजूला कामट्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, बांधायला घेतली. एका गटाने ती होडीला अगदी चिकटवून बांधली. काकांनी हातात घेऊन पाहिली.

'लांब बांधलास तर लाटेर मोडतली, जवळ बांधलास तर होडी कलांडतली,' ते म्हणाले. मग कामट्या सोडवून, होडीच्या रुंदीच्या दीडपट अंतर डोळ्यानेच धरून पुन्हा बांधून दिल्या. गाठ कशी मारतात तेही दाखवलं: सुतळी ओली करून आवळायची, सुकताना ती आणखी घट्ट होते.

नंतर वजनकाटा काढला. उलांडीचा ओंडका २४ ग्रॅम, घनफळ ८० घन सेंमी. होडीच्या मध्यापासून अंतर १२ सेंमी, काठ मध्यापासून ४ सेंमी. आता तरफेचा हिशोब. उलांडीच्या विरुद्ध काठावर वजन ठेवलं तर ओंडका उचलला जाईल. २४ गुणिले १२ भागिले ४, म्हणजे ७२ ग्रॅमला. उलांडीच्या बाजूच्या काठावर वजन ठेवलं तर ओंडका पूर्ण बुडवावा लागेल. तो पूर्ण बुडायला आणखी ५६ ग्रॅम हवेत, म्हणून ५६ गुणिले १२ भागिले ४, १६८ ग्रॅम. एकाच होडीच्या दोन बाजू, एक दुसरीच्या दुपटीहून जास्त भक्कम.

मोजमाप: विरुद्ध बाजूला ८० ग्रॅम, उलांडीच्या बाजूला दीडशेच्या जवळ. पहिला आकडा अंदाजापेक्षा जास्त, कारण होडीचं स्वतःचं अंगही थोडं तोलून धरतं. दुसरा कमी, कारण ओंडका बुडायच्या आत काठावरून पाणी आत येतं. मेस्त्रीकाका हे सगळं शांतपणे बघत होते. वारा उलांडीकडून आला की माणसं उलांडीवर जाऊन बसतात, तिला उठू देत नाहीत, ते म्हणाले. ओंकारने लगेच विचारलं, एक माणूस किती ग्रॅमचा धरायचा, आणि मॉडेलवर नाण्यांची माणसं बसवून हिशोब पुन्हा केला.

२४ जुलै

रुंदी. लांबी तीच ठेवून होडीची रुंदी दुप्पट केली तर पाण्याच्या पातळीवरचा तिचा आकार कलण्याला आठपट विरोध करतो, कारण तिथे रुंदीचा घन येतो. मग सगळ्या होड्या रुंदच का करत नाहीत? वर्गातून उत्तर आलं: वल्हवायला जड जातील. उलांडीचा सडपातळ ओंडका एवढं काम करतो याचं कारण अंतर. त्याचं क्षेत्रफळ थोडं, पण अंतराचा वर्ग मोठा. पोयीच्या होडीसाठी मांडलं तर उलांडी होडीच्या अंगापेक्षा जवळपास तिप्पट आधार देते. सडपातळ अंग वेगासाठी, उलांडी तोलासाठी.

३१ जुलै

शिवलेली होडी. यंदा २१ मेला कारवारच्या तळावर 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिवून बांधलेलं जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून ते उभं केलं. बांधणी गोव्यात, केरळच्या बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली. फळ्या खिळ्यांनी नव्हे, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या. जुने आराखडे कुठेच नव्हते, म्हणून पाण्यात ते कसं वागेल याची चाचणी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने मॉडेलवर केली गेली. वर्षअखेरीस ते ओमानकडे निघणार आहे. वर्गात हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, आपण जे व्हरांड्यात करतोय तेच तिथेही केलं गेलं.

सनबोर्डचे दोन बाजूचे आणि एक तळाचा तुकडा कापून, दाभणाने दर सेंटीमीटरला भोक पाडून, सुतळीने शिवले. टाका तिरका घातला की जोड सरकतो, सरळ आणि फुलीचा घातला की बसतो, हे मुलींना आधी कळलं. सनबोर्ड स्वतः तरंगतो, त्यामुळे गळकी होडीही बुडत नाही आणि गळती लपते. म्हणून गळती काट्यावर मोजली: पाण्यात दहा मिनिटं ठेवून आधीचं आणि नंतरचं वजन. नुसत्या शिवणीतून ३८ ग्रॅम पाणी आत आलं. मग राळ आणि खोबरेल तेल मी बाहेर चुलीवर वितळवलं (हे काम मुलांना द्यायचं नाही, राळ पेटते) आणि काडीने शिवणीवर फिरवलं. पुन्हा मोजलं तर ४ ग्रॅम. मेस्त्रीकाकांनी त्यांच्या आजोबांच्या हातची शिवलेली होडी लहानपणी पाहिली आहे. लाट बसली की ती होडी थोडी वाकायची आणि खिळ्याची होडी करकरायची, एवढं त्यांना आठवतं.

५ ऑगस्ट

ओढचाचणी. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, दोरा, दोरा हौदाच्या टोकाच्या बॉबिनवरून वर वाशाला टांगलेल्या दुसऱ्या बॉबिनवर आणि तिथून खाली १० ग्रॅमचं वजन. वजन खाली येतं, होडी पुढे जाते. वेग येऊ द्यायचा आणि शेवटच्या दीड मीटरचा वेळ घ्यायचा. सगळ्या होड्या ४०० ग्रॅमच्या, नाण्यांनी भरून सारख्या केलेल्या.

प्रश्न होता: कुठली होडी आधी पोचेल? जवळपास सगळ्यांनी टोकदार नाळ लिहिली आणि पाठीमागचा भाग कसाही असला तरी चालेल असं धरलं. चपटा खोका ४.६ सेकंद. पुढे टोकदार, मागे चपटी ३.९. पुढे टोकदार आणि मागेही निमुळती ३.४. मागचा बदल पुढच्या बदलाच्या तोडीचा निघाला. हौदात हळद सोडून पाहिलं तेव्हा कारण दिसलं. चपट्या पाठीमागे पाणी भोवरे घेत होडीबरोबर ओढलं जातं, निमुळत्या पाठीमागे ते शांतपणे मिटतं. वहीतला अंदाज चुकल्यावर मुलं हळद किती बारकाईने पाहतात, ते प्रत्येक शिक्षकाने एकदा बघायला हवं. अंदाज न लिहिलेलं मूल फक्त पिवळं पाणी बघतं.

७ ऑगस्ट

छोट्या होडीचा वेग बघून मोठ्या जहाजाबद्दल काय सांगता येतं? इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी १८६७ मध्ये 'स्वान' आणि 'रेव्हन' नावाच्या दोन आकारांची ३, ६ आणि १२ फुटी मॉडेलं ओढून हे तपासलं आणि पुढे टॉर्की इथे ओढचाचणीचा हौद बांधला. त्यांना सापडलं ते असं: वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घेतला तर छोट्या आणि मोठ्या होडीच्या लाटांची नक्षी सारखी दिसते.

कौंडिण्य सुमारे २० मीटर लांब. आमची शिवलेली होडी ४० सेंमी, म्हणजे पन्नासावा भाग. पन्नासाचं वर्गमूळ साधारण सात. जहाज ५ नॉटने, म्हणजे सेकंदाला २.५७ मीटरने जात असेल, तर आमची होडी सेकंदाला सुमारे ३६ सेंमीने न्यायची. दीड मीटरला ४.१ सेकंद. तेवढा वेग येईपर्यंत वजन कमीजास्त केलं आणि मग सगळे हौदाच्या कडेला गुडघ्यांवर बसून लाटा बघत राहिले. नाळेपासून तिरक्या निघालेल्या दोन रांगा चिऱ्यांपर्यंत जाऊन परत येत होत्या.

उद्या नारळी पौर्णिमा. तास लवकर सोडला.

१२ ऑगस्ट

वाफेची होडी. जत्रेत पत्र्याची फटफटी बोट मिळते, तीच. १८९१ मध्ये थॉमस पिओ यांनी ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची बारीक नळी आणली, पेन्सिलीभोवती तीन वेढे दिले, दोन्ही टोकं होडीच्या मागून पाण्याखाली काढली. नळीत पाणी भरून वेढ्यांखाली पणती.

आधी प्रश्न: नळी जेवढं पाणी मागे फेकते तेवढंच परत आत ओढते. मग होडी पुढे जाईल का? वर्गाचे दोन तट पडले आणि 'नाही' म्हणणारे जास्त होते. त्यांचं म्हणणं चुकीच्या विचाराचं नव्हतं. मेणबत्ती लावून प्रत्येकाला हातभर अंतरावरून फुंकायला सांगितलं, ज्योत विझली. मग तेवढ्याच अंतरावरून हवा ओढून विझवा म्हटलं. कोणालाच जमलं नाही. बाहेर जाणारी धार एका दिशेने जाते, आत येणारं पाणी सगळीकडून गोळा होतं. यानंतर होडी सोडली. दीड मीटरला वीसेक सेकंद, पण स्वतःच्या बळावर.

'फटफट' आवाज आला नाही म्हणून लहानग्यांची निराशा झाली. तो आवाज पातळ पत्र्याच्या पडद्याचा असतो, वेढ्यांच्या नळीत पडदाच नाही. पडद्याची होडी पुढच्या वर्षी, पत्रा बारीक कापणारा कोणी मिळाला तर.

१९ ऑगस्ट

पालकांना बोलावलं. मासेमारीवरची बंदी उठल्यामुळे बरेच वडील समुद्रावर, आया आणि आज्या आल्या. मुलांनी त्यांनाही आधी अंदाज लिहायला लावले, पाण्यात हात घालू दिला नाही. एका आजीने फॉइलच्या होडीसाठी २२० ग्रॅम सांगितलं आणि मोजमाप २२१ आलं. कसं सांगितलंत विचारलं तर म्हणाल्या, आयुष्य वाट्यावर, न तोलता नुसते ढीग लावून, मासे विकण्यात गेलं.

उरलेलं काम. ४० आणि २० सेंमीच्या सारख्याच आकाराच्या दोन होड्या फ्रूडच्या नियमाने ओढून पाहिल्या. छोटीचा वेग मोठीच्या ०.७१ पट ठेवला की लाटा सारख्या दिसायला हव्यात. छोटीच्या लाटा स्वच्छ दिसतात. मोठीच्या बाजूच्या चिऱ्यांवर आपटून परततात आणि नक्षी मोडते. ६० सेंमी रुंदी तिला पुरत नाही. दोन उपाय वहीत आहेत: मोठी होडी ४० ऐवजी ३० सेंमीची करायची, किंवा देवळाच्या तळीवर जाऊन काठावरून काठीला दोरा बांधून ओढायची. सानिकाचं मत तळीकडे आहे, पण तिथे वारा लागेल आणि तो मोजायला आपल्याकडे काही नाही, हे ओंकारचं म्हणणं. गणपतीची सुट्टी संपली की दोन्ही करून बघू. तोवर ३० सेंमीच्या होडीचा वेग आणि वेळ दोघांनी आपापल्या वहीत काढून आणायचा आहे.